पेट्रोलची जीप, डिझेलचे इंजिन

जुन्या वाहनाचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी दुसरे, मोठे इंजिन चढवण्याची प्रथा महाराष्ट्रात दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली आणि सुमारे पन्नास वर्षे जोरात चालली. अमेरिकेत याच उद्योगाला वेगाच्या हौसेने जन्म दिला. तिथे १९३२ साली फोर्डचे आठ सिलिंडरचे व्ही-एट इंजिन बाजारात आले आणि तरुणांनी ते जुन्या, हलक्या फोर्ड गाड्यांत बसवून शर्यती लावल्या. महाराष्ट्रात हेतू जवळपास उलटा होता. इथे चढवलेले इंजिन बहुतेक वेळा डिझेलचे असे. ते घनफळाने आणि वजनाने मोठे, पण ताकदीने मूळ पेट्रोल इंजिनापेक्षा कमी आणि चालीने संथ असे. गाडी हळू झाली तरी मालक खूश असे, कारण इंधनाचा खर्च निम्म्याहून खाली येई. म्हणूनच या प्रथेचा इतिहास पेट्रोल-डिझेलच्या दरातली तफावत, परवाना-पद्धतीतली वाहनटंचाई आणि खेड्यापाड्यांतल्या मिस्त्रींचे कसब या तीन गोष्टींभोवती फिरतो. वेगाची हौस त्यात फार उशिरा आली.

वाहन तेच ठेवून त्याला चालवणारी शक्ती बदलण्याचे प्रकार त्याआधीही झाले होते. युद्धकाळात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाल्यावर बस आणि मोटारींच्या मागे लोणारी कोळशाची भट्टी बसवली गेली. तिच्यातून निघणाऱ्या गॅसवर मूळचेच इंजिन चाले. चढ आला की उतारूंना खाली उतरावे लागे, अशा आठवणी जुन्या पिढीत घरोघरी होत्या. वर्ध्याची एक गोष्ट त्याहून गमतीची सांगितली जाते. जमनालाल बजाज यांच्याकडच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले जात आणि गांधीजींनी त्या वाहनाला थट्टेने ‘ऑक्सफर्ड’ म्हटले, अशी ती आठवण आहे. ती खरी धरली, तर वर्धा जिल्ह्यातला शक्तिबदलाचा पहिला गाजलेला प्रयोग यंत्राकडून बैलाकडे जाणारा होता.

खरा इंजिनबदल सुरू झाला तो मालमोटारींत. युद्ध संपल्यावर लष्कराच्या शेव्हरोले, फोर्ड आणि डॉज बनावटीच्या मालमोटारी लिलावात निघाल्या आणि नागरी वाहतुकीत आल्या. त्या सगळ्या पेट्रोलवर चालत. इंग्लंडमधल्या पीटरबरो इथे फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ साली काढलेल्या कंपनीने वेगाने फिरणारी, मोटारींत मावतील अशी डिझेल इंजिने तयार केली होती. पेट्रोल इंजिन काढून त्या जागी बसवण्याची सोय हा त्यांच्या खपाचा मोठा आधार होता. त्यांपैकी सहा सिलिंडरचे पी-६ हे ४.७ लिटरचे इंजिन भारतात विशेष चालले. शेव्हरोले मालमोटारीचे मूळ इंजिन साडेतीन लिटरचे होते, म्हणजे बदल मोठ्या इंजिनाकडेच होता. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्सची इंजिने देशात बनवायला घेतली आणि त्यांचे सुटे भाग मिळणे सोपे झाले. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या डॉज आणि फार्गो मालमोटारींतही पर्किन्स डिझेल येऊ लागले. १९५४ पासून टेल्कोच्या मर्सिडीज-बेंझ मालमोटारी थेट डिझेलच्याच निघाल्या. त्यानंतर मालवाहतुकीतले पेट्रोल मागे पडत गेले आणि मालमोटारींचा इंजिनबदलही ओसरला. या कामात तयार झालेले हात मात्र मोकळे झाले आणि ते जीपकडे वळले.

जीप ही महाराष्ट्रातल्या इंजिनबदलाची खरी नायिका म्हणावी लागेल. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात केली. पहिल्या जीपचे इंजिन २,१९९ घनसेंटिमीटरचे आणि ६० अश्वशक्तीचे होते. १९५३ साली विलिसने त्याच घनफळाचे, पण झडपांची रचना बदललेले ‘हरिकेन’ इंजिन आणले. ते सत्तरच्या वर अश्वशक्ती देई. पण उंचीने जास्त होते आणि जुन्या बॉनेटखाली मावत नव्हते. विलिसने नवी गाडी आखण्याऐवजी बॉनेटच उंच केले. भारतात पुढे अनेक दशके दिसलेली ‘सीजे-३बी’ जीपची उभट, उंच नाकाची मुद्रा अशी इंजिनबदलातून आलेली आहे. पुढच्या काळातल्या मिस्त्रींना या उंच नाकाचा मोठा आधार झाला, कारण त्याखाली डिझेल इंजिनाचे उंच धड बसवायला जागा होती.

हरिकेन इंजिन दणकट होते. पण पेट्रोल फार पीत असे. जीप सरकारी खात्यांत, लष्करात आणि मोठ्या बागायतदारांकडे होती तोवर हे चालून गेले. खात्यांनी आणि लष्कराने जुन्या जीप लिलावात काढल्या तशा त्या लहान शेतकऱ्यांच्या, कंत्राटदारांच्या आणि प्रवासी वाहतूक करणाऱ्यांच्या हाती आल्या. या नव्या मालकांना गाडी स्वस्तात मिळाली, पण तिचे पोट भरणे परवडेना. १९७३ च्या तेलसंकटाने कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला. सरकारने पेट्रोलवर जबर कर ठेवला आणि शेती व मालवाहतुकीचे इंधन म्हणून डिझेल त्या मानाने स्वस्त राखले. नवी डिझेल गाडी घ्यावी तर ती मुळात मोजकी आणि तिच्यासाठी नंबर लावून थांबावे लागे. अशा वेळी जुनी जीप ‘डिझेल करून घेणे’ हा व्यवहारी उपाय ठरला.

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातले गिरड ही गरज समजून घ्यायला चांगले उदाहरण आहे. वर्ध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेले हे गाव शेख फरीद यांच्या टेकडीवरच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध आहे. टेकडीवर सापडणारे गोलसर खडे म्हणजे संताची टवाळी करणाऱ्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल, अशी आख्यायिका ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरनेही नोंदवली आहे. गावाला रेल्वे नाही. पश्चिमेला हिंगणघाट हे वर्धा–बल्लारशा मार्गावरचे स्थानक आणि ईशान्येला नागपूर–नागभीड या तेव्हाच्या अरुंद मार्गावरचे उमरेड. मधला सारा प्रवास रस्त्याचा. त्यात ही काळ्या कापसाच्या मातीची भूमी. पावसाळ्यात शिवाररस्त्यांवर चाक रुतले की चारही चाकांना जोर देणारी जीपच बाहेर पडू शके. एसटी दिवसातून ठरावीक फेऱ्या करी. उरलेली वाहतूक विदर्भात ‘काळी-पिवळी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जीपगाड्यांवर पडे. गिरडसारख्या शेकडो गावांची हीच स्थिती होती, आणि अशा वाटांवर किलोमीटरमागचा खर्च हाच धंदा टिकण्या-बुडण्याचा प्रश्न असे. डिझेलची आणखी एक सोय होती. ट्रॅक्टरसाठी, विहिरीवरच्या इंजिनासाठी ते शेतकऱ्याच्या घरी पिंपात भरलेले असे. पेट्रोलसाठी मात्र तालुक्याचा किंवा बाजाराचा गाव गाठावा लागे.

मिस्त्रींचे कसब कुठून आले, याचे उत्तर मोटारींच्या कारखान्यांत नाही, शेतीत आहे. पुण्याला खडकीत १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने आणि साताऱ्याच्या कूपरने महाराष्ट्रभर विहिरींवर डिझेल इंजिने पोचवली. पिठाच्या गिरण्या, गुऱ्हाळे आणि विदर्भातल्या जिनिंग कारखान्यांनी त्यांत भर घातली. हिंगणघाट तर कापसाच्या जिन-प्रेसचे जुने ठाणे. त्यामुळे पंप आणि नोझल, पिस्टनच्या रिंगा आणि लायनर, गव्हर्नर आणि टायमिंग यांची भाषा बोलणारा फिटर मोठ्या खेड्यात सहज सापडे. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्यूटर जुळवणारा मात्र शहरातच भेटे. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवणे म्हणजे अनोळखी यंत्राच्या जागी ओळखीचे यंत्र आणणे होते. ही प्रथा शहरांइतकीच तालुक्याच्या गावांत का फोफावली, हे यावरून उमगते.

जीपमध्ये कोणती इंजिने गेली, हे जवळपास काय मिळते त्यावर ठरे. पर्किन्सचे चार सिलिंडरचे पी-४ हे तीन लिटरहून थोडे मोठे इंजिन सर्वांत जुने आणि खूप जड होते. मुंबईत कांदिवलीला महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये स्थापलेल्या कंपनीचा ‘बी-२७५’ हा ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर महाराष्ट्रभर गेला. त्याचे सुमारे २.४ लिटरचे इंजिन जीपच्या अंगालाही बसे. १९८० च्या दशकात आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोर गाड्यांत मर्सिडीजच्या परवान्याने बनणारे ‘ओएम ६१६’ हे २.४ लिटरचे इंजिन येऊ लागले आणि ‘मॅटाडोर इंजिन’ हा मिस्त्रींचा लाडका पर्याय झाला. ते जर्मनीत आलिशान मोटारींसाठी आखलेले असल्याने वेगाने फिरे, थरथर कमी करी आणि अपघातात मोडलेल्या मॅटाडोरमधून सुस्थितीत मिळे. नवलमल फिरोदिया यांनी ती कंपनी १९५८ मध्ये सुरू केली होती.

जुने इंजिन मिळवण्याचा बाजारही या निमित्ताने वाढला. मुंबईत कुर्ल्याच्या भंगारपट्ट्यात आणि पुण्यात नाना पेठेच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग, इंजिने आणि गिअरबॉक्स यांचा व्यापार बसला. नागपूरच्या भंगारवाल्यांकडून विदर्भाची गरज भागे. इंजिन विकत घेताना ते तिथेच सुरू करून दाखवण्याची रीत होती. धुराचा रंग आणि ब्रीदरमधून येणारी वाफ पाहून आतल्या झिजेचा अंदाज बांधला जाई.

काम असे चाले. बॉनेट आणि रेडिएटर काढून, झाडाच्या फांदीला किंवा लोखंडी तिपाईला बांधलेल्या चेन-पुलीने जुने इंजिन उचलले जाई. नवे इंजिन जागेवर लोंबकळत ठेवून मापे घेत. पहिली अडचण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाची. जीपचा तीन गिअरचा बॉक्स आणि त्याच्या पाठीला चिकटलेला, पुढच्या चाकांना जोर देणारा दुसरा बॉक्स शक्यतो तसाच ठेवला जाई, कारण तो बदलला तर फोर-व्हील गमवावी लागे. मग डिझेल इंजिनाचे भोक-चित्र आणि जीपच्या बेल हाउसिंगचे भोक-चित्र जुळवणारी जाड लोखंडी प्लेट लेथवर कापून घेत. या प्लेटवर सगळ्या कामाचे भवितव्य ठरे. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आले पाहिजेत. त्यात केसभर फरक राहिला, तर गाडी सुरू होई, गावभर फिरेही. पण काही महिन्यांत क्लच प्लेट फाटे आणि पुढचे बेअरिंग आवाज करू लागे. चांगला लेथवाला डायल गेज लावून हा मध्य काढी. वाईट मिस्त्री डोळ्यांनी काढी, आणि त्याच्याकडे गिऱ्हाईक वारंवार येई.

त्यानंतर फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते ते आधार. जीपची चासी दोन सरळ लोखंडी पट्ट्यांची असल्याने त्यांवर नवे ब्रॅकेट वेल्ड करणे सोपे होते. पण इंजिनाच्या तळाची तेलाची ट्रे पुढच्या डिफरन्शियलवर आदळे. ती कापून, एका बाजूला खोल करून पुन्हा वेल्ड करावी लागे. डिझेलचे वजन पुढच्या कमान-पाट्यांना झेपत नसे, म्हणून एक-दोन पाटे वाढवत. त्यामुळे रिकाम्या गाडीत दणके जास्त बसत. जुन्या जीपची वीजव्यवस्था ६ व्होल्टची असेल, तर डिझेलचा जड स्टार्टर फिरवायला १२ व्होल्टची मोठी बॅटरी आणि नवी वायरिंग लागे. रेडिएटर मोठा, सायलेन्सरची वाट नवी, ॲक्सिलरेटरच्या सळया नव्या. या सगळ्यातून जो एक भाग बहुतेक मिस्त्री विसरत किंवा टाळत, तो म्हणजे ब्रेक. जादा वजनाची गाडी जुन्याच ड्रमवर थांबवली जाई. या प्रथेचा हा सर्वांत निंद्य भाग होता.

गाडीची चाल का बदले, हे साध्या हिशेबाने कळते. सीजे-३बी जीपच्या ॲक्सलमध्ये इंजिनाच्या ५.३८ फेऱ्यांमागे चाक एकदा फिरते आणि सहा इंची टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर असतो. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेरे फिरले, तर टॉप गिअरमध्ये ताशी सुमारे १०० किलोमीटरचा वेग पडतो. ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन २,००० फेऱ्यांच्या आसपासच गव्हर्नरने अडवले जाते. म्हणजे तीच जीप ताशी ५० वर अडकते. वेग वाढवायचा तर ॲक्सलचे क्राउन-पिनियन बदलावे लागत, आणि तो खर्च फार थोडे जण करत. उलट दहा-बारा माणसे आणि टपावर पोती घेऊन कच्च्या वाटेने जाताना हे संथ इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देई, वरचेवर गिअर पाडावा लागत नसे. बचतीचे कारणही रचनेत होते. जुन्या पेट्रोल जीपमध्ये हवा-इंधनाचे मिश्रण सुमारे सातपट दाबले जाई, तर डिझेलमध्ये हवा सोळा ते बावीस पट. जास्त दाबामुळे इंधनातली उष्णता अधिक कामी येते. शिवाय डिझेलमध्ये हवेची वाट अडवणारी झडप नसल्याने कमी ताकदीवर चालतानाही ते उधळपट्टी करत नाही. ॲव्हरेज दीडपट ते पावणेदोनपट होई आणि वरून लिटरचा भाव कमी.

मिस्त्री जे करत होते, तेच थोड्याच काळात कारखान्यांनी केले. महिंद्रने ट्रॅक्टर कंपनी १९७७ मध्ये स्वतःत विलीन करून घेतली आणि ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन कारखान्यातूनच जीपमध्ये बसून येऊ लागले. पुढे फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या परवान्याने इगतपुरीला २,११२ घनसेंटिमीटरचे, ६२ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बनू लागले आणि एमएम-५४० सारख्या जीपमध्ये गेले. या इंजिनाने डिझेल जीपला प्रथमच बऱ्यापैकी वेग दिला. मोडीत निघालेल्या गाड्यांतली पूजो इंजिने मग जुन्या पेट्रोल जीपमध्ये चढू लागली. ती मूळ बनावटीच्याच घरातली असल्याने प्लेटची आणि फाउंडेशनची बरीच झंझट वाचे.

मोटारींचा इतिहास वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येतो. परवाना-पद्धतीत एकच सांगाडा तीस-चाळीस वर्षे बनत राहिल्याने भारतीय कंपन्यांना नवेपणा दाखवायला इंजिन बदलणे हाच सोपा मार्ग उरला. अँबेसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस १,४७६ घनसेंटिमीटरच्या जुन्या धाटणीच्या इंजिनासह आली. लगेच तिला १,४८९ चे इंजिन मिळाले, १९८० च्या सुमारास डिझेल आणि १९९० च्या दशकात जपानच्या इसुझूचे १,८१७ चे. अँबेसेडर बनवणाऱ्या कंपनीचीच काँटेसा १९८४ मध्ये भारदस्त अंगाची, पण अँबेसेडरच्याच इंजिनाची निघाली. तो सांगाडा त्या इंजिनाला ओढवत नाही, हे पहिल्याच घाटात कळे. पुढे तिला इसुझूचे इंजिन मिळाल्यावर ती गाडी म्हणून उभी राहिली. कुर्ल्याच्या प्रीमियरने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या सांगाड्यात निसानचे १,१७१ चे इंजिन घालून ‘११८ एनई’ काढली. याच्या उलट मद्रासची स्टँडर्ड २००० म्हणजे इंग्लंडच्या रोव्हरचा देखणा सांगाडा आणि त्यात कंपनीचे जुनेपुराणे इंजिन; ती लवकरच बंद पडली. मारुतीनेही हाच धडा गिरवला. १९९० च्या मारुती १००० चे इंजिन अंगाच्या मानाने लहान होते; १९९४ मध्ये त्याच सांगाड्यात १,२९८ चे इंजिन बसवून एस्टीम आली आणि खपली.

खाजगी मालकांनी अँबेसेडर आणि प्रीमियरच्या पद्मिनी डिझेल करून घेतल्या त्या मुख्यतः टॅक्सीसाठी. अँबेसेडरचे इंजिनघर ऐसपैस असल्याने मॅटाडोर इंजिन तिच्यात मावे. पण पुढचा भार टॉर्शन बारवर असल्याने गाडी नाकावर बसे आणि बार पुन्हा कसावे लागत. पद्मिनीचे मूळ इंजिन १,०८९ चे, जागा अरुंद आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगवर. वेगळ्या गिअरबॉक्सचे इंजिन घातले, तर दांडा खाली जमिनीवर आणावा लागे. बंदरातून येणारी जपानी वापरलेली डिझेल इंजिने या कामाला पुरवली जात. मुंबईत हा प्रकार फार टिकला नाही. हवेच्या प्रदूषणावरच्या खटल्यांत २००० च्या आसपास मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावे लागले. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसचे पंप तोवर शहरात आले होते. पद्मिनी टॅक्सी शेवटपर्यंत धावल्या त्या या वायूवर. त्यांतली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली.

वेगासाठी मोठे पेट्रोल इंजिन चढवणे महाराष्ट्रात दिसू लागले ते मारुती जिप्सीमुळे. १९८५ ची जिप्सी ९७० घनसेंटिमीटरची होती आणि डोंगरवाटेवर, रॅलीत कमी पडे. १९९६ मध्ये कंपनीने १,२९८ चे इंजिन दिले. त्याआधीपासून आणि नंतरही जुन्या जिप्सीत एस्टीमचे इंजिन बसवले जाई. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या असल्याने हे काम जीपच्या मानाने सोपे. पुणे-मुंबईच्या रॅलीवाल्यांनी ते केले, हौशी मालकांनी उचलले. संख्येने पाहता डिझेल जीपपुढे हा प्रकार नगण्य राहिला.

कायद्याने या सगळ्याला आधी नोंदीपुरते पाहिले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात वाहनातला बदल कळवून मंजुरी घेण्याची तरतूद कलम ३२ मध्ये होती. १९८८ च्या कायद्यात ती कलम ५२ मध्ये आली. उपकरणांमुळे वजन दोन टक्क्यांपर्यंत बदलले तर मंजुरी नको, त्यापुढे हवी, असा नियम होता. हजार-अकराशे किलोच्या जीपला ही सवलत वीस-बावीस किलोंची; डिझेल इंजिन त्यात बसणे शक्यच नव्हते. मालक इंजिनाची पावती आणि गाडी घेऊन आरटीओत जाई, निरीक्षक चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर ताडून पाही आणि आरसी बुकात नवा इंजिन नंबर व ‘डिझेल’ हा शब्द चढे. ही नोंद नसलेल्या गाड्या पासिंगच्या वेळी अडत, विकताना पडत्या भावात जात. चोरीच्या गाडीचे इंजिन बाजारात आले असेल, तर पुढचा मालकही पोलिसांत ओढला जाई. २००० सालच्या दुरुस्तीने कलम ५२ चा रोखच बदलला. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे रूप गाडीला देता येणार नाही, असे त्यात आले. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याला सूट राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हाच अर्थ कायम केला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली.

कायदा कडक होण्याआधीच बाजाराने या प्रथेचा पाया काढून घेतला होता. टेम्पो ट्रॅक्स १९८८ मध्ये, टाटा सुमो १९९४ मध्ये आली. महिंद्रच्या कमांडर आणि आर्माडाही याच सुमाराच्या. त्यांत कारखान्याचेच डिझेल इंजिन, जास्त जागा आणि हप्त्यांची सोय. काळी-पिवळीच्या रांगेत या गाड्या भरल्या आणि डिझेल केलेली जुनी जीप शेतावर गेली. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, तशी दोन्ही इंधनांतली तफावत आटली. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ लागू झाल्यावर मारुतीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले. आता जुन्या गाडीचे इंजिन कायदेशीरपणे बदलायचे, तर मुख्य वाट विजेच्या मोटरची आहे. त्यासाठीच्या किटची तपासणी पुण्याच्या एआरएआय या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेसारख्या चाचणीसंस्थांत होते. बॅटरीच्या किमतीमुळे ती वाट अजून गर्दीची झालेली नाही.

जुन्या जीपांच्या बाबतीत मात्र चाक उलटे फिरते आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची मालिका आणली. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच तिला पात्र ठरते. डिझेल केलेली जीप त्यात बसत नाही. त्यामुळे जीपच्या हौशी संग्राहकांमध्ये ट्रॅक्टरचे किंवा मॅटाडोरचे इंजिन उतरवून पुन्हा हरिकेन पेट्रोल इंजिन चढवण्याचे काम सुरू झाले आहे. एकेकाळी इंजिनबदलानंतर कोपऱ्यात टाकून दिलेली, बीड लोखंडाच्या भावाने किलोवर विकली गेलेली ही इंजिने आता शोधून आणावी लागतात. जुनी ॲडॅप्टर प्लेट आणि वेल्ड केलेले ब्रॅकेट कापून काढताना चासीची भोके पुन्हा भरावी लागतात, आणि बेल हाउसिंग मूळचीच जपून ठेवलेली असेल तर काम बरेच स्वस्तात होते.